रीडिंग

एकतीस वर्षं मी लोकांचं पाणी मोजलं.
नेरुळ, सीवूड्स, पुढे बेलापूरपर्यंत
जिन्याखालच्या अंधारात उकिडवा बसून
काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा,
आकडा वहीत.
घरात पाहुणे आलेत, टाकी गळतेय,
की कुणी बाळंत झालंय,
दार न वाजवता कळायचं.

आणि इथे ओट्याच्या कोपऱ्याशी
मोहरीची स्टीलची वाटी
दुपारी चारलाच कोरडी पडू लागली
तेव्हा मी म्हटलं, ऊन वाढलंय.
मार्च होता. ऊन खरंच वाढलं होतं.
हीच तर अडचण.

आता उलटं मोजत बसतो.
आधी नखांचा आवाज, लादीवर, टिक् टिक्.
जी कधी आली ते कळायचं नाही
ती येताना ऐकू येऊ लागली.
मला बरंच वाटलं, पायात येणं थांबलं.
शेपटीच्या मुळाशी केसांची चटई झाली.
आळशी झालीय, मी म्हटलं.
कुंदा काही बोलली नाही,
कंगवा घेऊन बसली.
हात फिरवताना मणके लागले,
एकेक, मोजता येतील असे.
मी मोजले नाहीत.

फ्रिजवर तिची जागा.
उडीआधी ती मागचे पाय हलवून अंदाज घेते.
अंदाज घेणं लांबत गेलं.
एकदा नुसताच अंदाज घेऊन
खाली पाय चाटत बसली,
जणू तेवढ्यासाठीच आली होती.

मग मी मापाचं भांडं काढलं.
सकाळी सातला अडीचशे मिली,
रात्री उरेल ते वजा,
उन्हाने उडालेलं सोडून द्यायचं.
वही महापालिकेची,
निवृत्तीच्या दिवशी खणातून आणलेली.
सोमवार, एकशे नव्वद.
मंगळवार, दोनशे दहा.
बुधवारी शेवंताबाईंच्या झाडूने वाटी लवंडली.
रीडिंग नाही.
गुरुवार, दोनशे तीस.
एवढ्याशा जिवाला दोनशे तीस.
दुसऱ्या कुणाचं घर असतं
तर मी जाऊन बेल वाजवली असती.

डॉक्टर तांडेल माझ्या पुतणीच्या वयाची.
तिने वही शेवटच्या पानापर्यंत वाचली.
मोहरीचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या,
मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली.
कातडी लगेच बसली नाही,
क्षणभर तंबूसारखी उभी राहिली.
रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला,
मूत्रपिंडं थकलीत.
तेरा वर्षांची मांजर म्हणजे
माणसाची अडुसष्ट धरा, काका.
मी छासष्टचा.
म्हणजे इतके दिवस मी
वडीलधाऱ्या बाईला अगं-तुगं करत होतो.
हे बोललो नाही. टोपलीतून ती ऐकत होती.

ओला खाऊ, एक पावडर, महिन्याने पुन्हा रक्त.
थांबणार नाही, सावकाश होईल, डॉक्टर म्हणाली.
सावकाश.
रिक्षात तो शब्द मांडीवर टोपलीशेजारी होता.
पाम बीचच्या सिग्नलपर्यंत
मी ड्रायव्हरला दोनदा सांगितला.

घरी आलो तर फ्रिजशेजारी स्टूल.
ज्यावर चढून मी ट्यूब बदलायचो,
दिवाळीपासून ज्यावर मला चढू देत नाहीत,
तेच. वर सतरंजीचा तुकडा,
सुतळीने चारही पायांना आवळलेला.
हे कधी ठेवलंस?
जानेवारीत, कुंदा म्हणाली.
गवार मोडत होती, मान वर केली नाही.

जानेवारीत.
अडीच महिने मी त्याला वळसा घालून
दूध काढत होतो.

आमच्यासमोर मोहरी त्यावर चढत नाही.
पेपरात डोकं घालावं लागतं.
मग टिक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टिक्, आणि फ्रिजचा पत्रा किंचित वाजतो.
तिथून तिला खारफुटीची रेघ दिसत असेल,
किंवा नसेलही, डोळ्यांचं अजून विचारलेलं नाही.
मी पान उलटत नाही,
आवाज होतो.